हनीफचाचांविरुद्ध लिहिलेली तक्रार

हनीफचाचा आज पहाटे गेले. त्यांच्याविरुद्धची तक्रार माझ्या अक्षरात आहे.

आमच्या फार्मसी कॉलेजात शिकलेल्यांना चाचा आठवत असतील. उंद्री गावचे. ॲनिमल हाऊसमधले उंदीर तेच सांभाळायचे.

माझा एम.फार्म.चा प्रोजेक्ट उंदरांच्या मेंदूवर होता. जिथे सुख वाटतं त्या जागी बारीक तार बसवायची. उंदराने पेटीतला खटका दाबला की तिथे हलका करंट. चटक लागली की तो दाणापाणी सोडून खटकाच दाबत बसतो.

माझा सात नंबरचा उंदीर तर थांबतच नव्हता. मी जाम खूश. अजून सुख मिळू दे म्हणून मी दर दाबामागे करंटचा वेळ वाढवला.

चाचा म्हणाले, "मॅडम, याले पेटीत जाचं नाही. नेलं की माह्या बाहीत घुसते."

"चाचा, रीडिंग बघा. सारखा दाबतोय तो."

"दाबते, मानलं. पण मंग भेते काऊन?"

मी हसले. एम.फार्म. मी करत होते ना, ते थोडीच.

दोन दिवसांनी सात नंबर मला चावला. रक्त फार नव्हतं, राग फार होता. माझं डोकं पहिल्यापासून गरम, जानेफळला आमच्या घरी विचारा. त्यात सबमिशन तोंडावर. तिथल्या तिथे लिहून दिलं, अटेंडंट प्राण्यांना नीट हाताळत नाही, म्हणून ते बिथरलेत.

चाचांना ॲनिमल हाऊसमधून काढून गेटवर बसवलं.

नवीन माणसालाही उंदीर चावला.

तेव्हा कुठे मी पेटीसमोर बसून नीट पाहिलं. खटका दाबला की क्षणभर त्याला बरं वाटायचं, मग तो भिंतीवर नखं मारत पळायला बघायचा. करंट चालूच. बंद करणं त्याच्या हातात नव्हतं.

माझ्या गाइड सरांनी करंट बंद करायचा दुसरा खटका लावून दिला. उंदराने पहिला दाबला आणि लगेच धावत जाऊन दुसरा. परत पहिला, परत दुसरा. तार तीच, जागा तीच. सुरुवात हवी होती, लांबलं की सोसवत नव्हतं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं याचंच कौतुक केलं. "बारीक नजर आहे तुमची."

मी थँक्यू म्हटलं.

तक्रार मागे घेतली नाही. आधी सबमिशन, मग नोकरी, मग लाज. गेटवर चाचाच विचारायचे, "बरं हाय ना बेटा?" मी स्कूटी न थांबवता मान हलवायचे.

आज उंद्रीला जाऊन आले. त्यांची मुलगी शबाना भेटली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"लोक अब्बाले विचारत, उंदरं मारत होते म्हणून काढलं का? अब्बा म्हणत, मॅडमले खरं माहीत हाय. सांगतीन त्या."

नऊ वर्षं वाट पाहिली त्या माणसाने.

कॉलेजचे सगळे इथे आहात म्हणून स्पष्ट लिहिते. चाचांनी एकाही उंदराला कधी त्रास दिला नाही. त्रास मी देत होते. आणि व्हायवाला मी जे मिरवलं, ते सगळ्यात आधी चाचांनी पाहिलं होतं.

शबाना, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना ही पोस्ट दाखव.

चाचा, तुमच्या माघारी सांगतेय. तुम्ही गेटवर होतात तेव्हा सांगायला हवं होतं. माफ करा.

खुदा हाफिज.