बाप्तिस्तीनचा भाचा

नाव : उर्सुल पारेस, विधवा. वय : अठ्ठावन्न. बांधा : मध्यम. ठळक खूण : नाही. धंदा : नाही. राजकीय मत : नाही. कोणत्याही संघटनेशी संबंध : आढळला नाही.

चाळीस सालच्या हिवाळ्यात आमच्या पोलीस ठाण्यानं उर्सुलबाईंची केलेली ही नोंद. त्यातलं ‘धंदा नाही’ तेवढं खरं. गावातल्या मेलेल्यांना आंघोळ घालून कपडे चढवणं याला आमच्यात कुणी धंदा म्हणत नाही.

तेव्हा मार्सेयला एक मदत समिती होती. जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले पुढारी, संपादक, कामगार संघटनांचे चिटणीस तिच्या जिन्यावर रांगा लावून उभे असत. हरलेल्या फ्रान्सनं जर्मनीशी केलेल्या तहात एक कलम होतं : जर्मनांनी नाव मागितलं की फ्रान्सनं माणूस द्यायचा. म्हणून समिती त्यांना आमच्याकडे, स्पेनच्या हद्दीवर पाठवी. आमची दफनभूमी गावाच्या वर आहे. तिच्या मागच्या फाटकातून निघालेली पायवाट द्राक्षमळ्यांतून थेट पलीकडे उतरते. गावातून दफनभूमीकडे चढताना वाटेत चौकी होती. पण प्रेतामागून चालणाऱ्यांना कागद विचारण्याइतकं सरकार अजून धीट झालं नव्हतं. उर्सुलबाई समितीला फक्त एवढंच कळवत, की गावात कुणाचं आटपत आलंय.

म्हातारी बाप्तिस्तीन दोनदा मरता मरता बरी झाली. समितीची माणसं दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा उर्सुलबाई तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, “हे बघ, लोकांचा खोळंबा होतोय.” बाप्तिस्तीननं ऐकलं.

या खेपेला आला तो ओटमार लिंडनर. व्हिएन्नाच्या छापखान्यात खिळे जुळवणारा, संघटनेचा चिटणीस, जन्मभराचा नास्तिक. त्याचं नाव जर्मनांनी मागितलं होतं. समितीतल्या एका अमेरिकन बाईंनी त्याला नीट पढवून पाठवलं होतं : टोपी कुठं काढायची, छातीवर क्रूस कसा करायचा, गुडघे कधी टेकायचे. एकच गोष्ट बाईंना माहीत नव्हती. आमच्याकडे पुरुष चर्चमध्ये जात नाहीत. अगदी घरचे सोडले तर बाकीचे बाहेर झाडाखाली सिगारेट ओढत थांबतात. आत पाद्री, बायका आणि शवपेटी.

लिंडनरनं टोपी काढली, सुरेख क्रूस केला आणि तो आत गेला.

झाडाखालचं बोलणं थांबलं. हवालदार लाफोर्ग तिथंच उभा होता.

“हा कोण भाविक?” त्यानं विचारलं.

“बायकोच्या धाकातला असेल,” कुणीतरी म्हणालं. एरवी यावर सगळे हसले असते. लाफोर्ग चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला.

उर्सुलबाईंनी त्याला पाहिलं. त्या उठल्या, लिंडनरचं कोपर धरून त्याला घरच्यांच्या बाकापाशी घेऊन गेल्या. बाप्तिस्तीनची मुलगी क्लोतिल्द तिथं एकटीच होती.

“सरक. हा तुझा मावसभाऊ. अल्जेरियातला, ओरानचा.”

“आईला बहीण कुठं होती?”

“आजपासून आहे. सरक म्हणते ना.”

“बोलला तर?”

“नाही बोलणार. दुःखानं वाचा बसलीय त्याची.”

क्लोतिल्द सरकली. “उर्सुलबाई, बाहेर कालवे आहे.”

नार्सिस कालवे म्हणजे आमचा मेयर. बाप्तिस्तीन ही बापाची एकुलती एक आहे की नाही, यावर त्याचं घराणं तिच्याशी बारा वर्षं कोर्टात भांडलं होतं. ती एकुलतीच ठरली आणि उताराचा मळा कालव्यांच्या हातून गेला. तिला बहीण नव्हती हे त्याच्याइतकं पक्कं गावात कुणालाच माहीत नव्हतं.

दफन झाल्यावर घरची माणसं पुढच्या फाटकाशी रांगेत उभी राहतात आणि सगळं गाव एकेक करून हात मिळवतं. क्लोतिल्दशेजारी लिंडनर उभा राहिला. लाफोर्ग हाताच्या अंतरावर.

पावाच्या दुकानातली बाई पुढं आली. तिनं अनोळखी चेहरा पाहिला, मग हवालदाराकडं पाहिलं. “बाप्तिस्तीन मरेपर्यंत तुझंच नाव घेत होती रे,” म्हणाली आणि तिनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मागचा चांभार म्हणाला, “केवढा होतास, केवढा झालास.” लिंडनर मान हलवत राहिला.

मग कालवे आला. त्यानं लिंडनरचा हात धरला आणि सोडला नाही.

“मेयरसाहेब,” लाफोर्ग म्हणाला, “हे बाईंचे भाचे म्हणे. तुम्ही ओळखता?”

क्लोतिल्द जमिनीकडं बघत होती. उर्सुलबाई फाटकाची कडी धरून उभ्या होत्या.

“न ओळखून सांगतो कुणाला?” कालवे म्हणाला. “याची आई ओरानला दडून बसली, म्हणून आमचा मळा गेला. तोंड बघा, हुबेहूब तिचं. तसंच लबाड.”

आणि हात झटकून तो खाली निघाला.

प्रेमानं कुणी खोटं बोलेल, पण शिवी खरीच असते, अशी पोलीस खात्याची समजूत आहे. लाफोर्गनं टोपीला हात लावला, लिंडनरचं सांत्वन केलं आणि तोही उतरला. उर्सुलबाईंनी मागचं फाटक उघडलं.

‘दफन शांततेत पार पडले,’ असं त्या दिवशी ठाण्यात लिहिलं गेलं. ‘परका इसम आढळला नाही.’

त्या हिवाळ्यात गावात आणखी सहा जण गेले. साही घरांना ओरानहून नातेवाईक आले. ओरानला आमच्या गावचं कुणी कधी गेलेलं नाही.