सरपंचांचा साक्षीदार

सरपंचांना स्वतःसाठी काही मागायला जमायचंच नाही. त्यांच्या खोलीतलं पाणी तीन आठवडे बर्फासारखं गार, आणि हे रिसेप्शनला येऊन भांडत होते ते दुसऱ्या मजल्यावरच्या सोमाली बाईच्या हीटरसाठी. मी म्हटलं, "अहो, आधी तुमचं सांगा." तर म्हणाले, "भाई, माझं सांगायला दुसरा कोणीतरी पाहिजे ना." तो दुसरा मी, असं मी छाती ठोकून सांगितलं. तेवढ्यात मॅनेजर आला आणि मी चादरी घेऊन पळालो.

मी इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनच्या त्या हॉटेलात क्लीनर. बायको हॉस्पिटलात नर्स, तिच्या व्हिसावर आलोय. शाळेनं मला चौथीतच सोडलं. हॉटेलात टूरिस्ट नव्हतेच, सगळे असायलमवाले, म्हणजे देश सोडून आसरा मागायला आलेले.

सरपंच हे नाव मी ठेवलेलं. अफगाणिस्तानातल्या एका छोट्या शहरात ते मोहल्ल्याचे प्रमुख होते, लोकांनीच नेमलेले. लहानपण पाकिस्तानात गेल्यामुळे उर्दू फर्डी, माझी हिंदी ऐकून कपाळाला हात लावायचे. तिकडे दिवसा सरकारची माणसं यायची: बंदूकवाल्यांना जेवू कोण घालतं, यादी द्या. अंधार पडला की बंदूकवाले: सरकारी नोकरी कोण करतं, यादी द्या. सरपंचांनी कुणालाच एक नाव दिलं नाही. मग बंदूकवालेच सरकार झाले. त्यांनी भावाला उचलला, आणि हे पळाले. बायको आणि दोन मुली पाकिस्तानात एका खोलीत, आणि तिथूनही अफगाणांना हाकलणं चालू. ह्यांना इथे निर्वासिताचं स्टेटस मिळालं तरच त्या इकडे येणार.

पहिल्या अर्जाला नकार आला. कागदात लिहिलेलं, तुमच्या भागात आता शांतता आहे. सरपंच म्हणाले, "खरंय. पूर्वी दोघं मारायचे, आता एकच मारतो."

अपिलाला साक्षीदार हवा होता. मी हात वर केला. माझी बायको म्हणाली, "तू? एकदा सुरू झालास की तुला थांबता येतं का?" मी लग्नातला सूट घातला. बटण लागेना, म्हणून पोट आत ओढून बसलो.

कोर्टात समोरच्या सरकारी वकिलानं विचारलं, हा माणूस कसा आहे? 'चांगला' म्हणून गप्प बसायचं. पण मला कौतुक करायचं होतं ना! म्हटलं, "साहेब, हिंमत बघा ह्यांची. रोज चहा पिताना म्हणतात, पुढच्या नवीन वर्षाला मी माझ्या घरी असेन, माझ्या अंगणात तुला चहा पाजीन."

घर सुटलेली माणसं असंच बोलतात. मी नाही का, गेली पाच वर्षं पुढच्या गणपतीला घरी जातोय! पण वकिलानं ते लिहून घेतलं. माणूस स्वतःच परत जाणार म्हणतोय, मग भीती कसली? अपील फेटाळलं.

मी लाँड्रीत तोंड लपवून बसलो, तर सरपंच तिथेच आले.

"खोटं बोललास का?"

"नाही हो."

"मग? तिकडे जन्मभर खोटे साक्षीदार बघितले. खरा एकच मिळाला, तोही माझ्याच विरुद्ध!" आणि खो खो हसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांना उत्तरेला कुठेतरी हलवलं. तासाभरात बॅग भरा, असा हुकूम. व्हॅनमध्ये बसतानाही हे मॅनेजरला सोमाली बाईचा हीटर सांगत होते. मी शेजारीच उभा होतो, झाडू घेऊन.

आता सरपंचांच्या वकीलबाई नवीन पुराव्यांवर पुन्हा अर्ज करतायत. माझं नाव काढा म्हणून मी सरपंचांना फोन केला, तर मलाच झापलं. "तूच यायचं. फक्त विचारतील तेवढंच बोल."

म्हणून हल्ली शिफ्टवरून आली की बायको वकील होते आणि मी साक्षीदार. विचारते एक, मी सांगतो दहा. काल वैतागून म्हणाली, "त्या दोन पोरी तुझ्या तोंडापायी अडकल्यात. कळतंय का तुला?"

माझ्याकडे एक विनोद तयार होता. तो गिळला आणि म्हटलं, "हो. पुढचा प्रश्न विचार."