काजूमास्तरांची भट्टी

आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला पत्र्याच्या डब्यात काजूच्या बिया भाजल्या जायच्या. हसू नका, अणुऊर्जेचा धडा असायचा तो. मास्तर पुस्तकी मराठीत सुरुवात करायचे आणि डबा तापला की मालवणीत उतरायचे. एक बी तडतडली की तिचं तेल उडून शेजारची पेटायची, तिच्यामुळे पुढची. "युरेनियमचा असांच. एक अणू फुटता, न्यूट्रॉन उडतत, ते शेजारच्याक फोडतत," असं म्हणत ते मूठभर राख टाकून आग दाबायचे. अणुभट्टीत हे काम न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या करतात.

शेजारी किटली उकळत असे आणि तिच्या तोटीसमोर पत्र्याची भिंगरी. "अणूक घाबरतास कित्या? ती नुसती चूल. पाण्याची वाफ होता, वाफ पाती फिरयता, पाती जनित्र फिरयतत. झाली वीज."

एकदा आग विझलेली बघून मी हावरटपणे डब्यात हात घातला. मास्तरांनी तो कितीतरी वेळ पाण्यात धरून ठेवला. "विझली म्हणान हात घालूचो नाय गो. अणूचा जळण तर भट्टी बंद केल्यारय तापलेला ऱ्हवता. वर्सानुवर्सा पाण्यात सांभाळूचा लागता."

माझे बाबा मासेमारी करणारे, मास्तरांचे बालमित्र. होडी लागली की मासळीचा पहिला वाटा मास्तरांच्या पायरीवर. त्यात कधी खंड पडला नाही.

मग किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्प येणार अशी बातमी आली आणि गावात बैठक भरली. बाबा उठले. "मास्तरा, तूच सांग. गरम पाणी दर्यात सोडल्यार मासो जातलो मां?"

मास्तर म्हणाले, "वाफ थंड करूक दर्याचा पाणी घेतत, ता गरम होऊन परत येतला, ह्या खरा. मासो जातलो काय, ता माका म्हायत नाय."

"म्हणजे तू प्रकल्पवाल्यांचो," म्हणून बाबा निघून गेले. मी तोवर स्वतः विज्ञान शिकवत होते. मास्तरांनी फक्त खरं तेवढं सांगितलं, हे मला कळत होतं. पण सगळ्यांचे चेहरे बघून मी भ्याले आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून वाटा बंद. मास्तर तरी रोज सकाळी पायरी धुऊन ठेवायचे. पुढे प्रकल्पाची चर्चाही थंडावली. मी बाबांना म्हटलं, "आता विझला सगळा, जा एकदा." ते जाळं शिवत राहिले.

यंदा मास्तर गेले. चर्चमागच्या दफनभूमीत त्यांना ठेवून आलो. दुसऱ्या सकाळी बाबा आख्खी सुरमई घेऊन निघाले, म्हणून मीही मागे गेले. दाराला कुलूप होतं. त्यांनी मासा पायरीवर ठेवला आणि तिथेच बसले.

मग म्हणाले, "तो खरा बोललो, ता तुका तेव्हाच म्हायत होता मां?"

"होय."

"मगे तेव्हा कित्याक बोललंस नाय गो?"