बाबांची साक्ष मीच देऊन टाकली

मी वाचायला शिकले पत्रकांवर. आई प्रार्थनाघरातून गठ्ठा आणायची, मी घड्या घालायची आणि घालता घालता वाचायची. प्रत्येक पत्रकाला भलती घाई: आज, आत्ताच, उद्या उशीर होईल! माझा स्वभावही तसाच झाला.

बाबा कोहमाऱ्याला एका ढाब्यावर आचारी. दर रविवारी ते आम्हा दोघींना मोटारसायकलवर प्रार्थनेला न्यायचे आणि दोन तास बाहेर कडुलिंबाखाली थांबायचे. आत कधी आले नाहीत. मी त्यांच्या डब्यात पत्रकं ठेवायची. एकदा ढाब्यावर गेले, तर त्या पत्रकांवरच भजी निथळत होती.

"बाबा, हे देवाचं वचन आहे!"

"मंग? भजी का सैतानाची आहेत?"

आई मात्र रोज सकाळी गॅस पेटवण्याआधी डोळे मिटून बसायची. बाबांनी आत यावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं. मी लहान होते तेव्हापासून तेच.

"आई, तू त्यांना सांगत काऊन नाहीस?"

"सांगून राहिली ना. ज्याले सांगाचं त्याले सांगून राहिली."

आमच्या मंडळीत एक रीत आहे. मागितलेलं मिळण्याआधीच उभं राहून, विश्वासानं, त्याचे आभार मानायचे. निकालाच्या आधीच पास झाल्याचे आभार! मला ही रीत फार आवडायची. एका रविवारी मी माईक घेतला आणि म्हणाले, "माझ्या बाबांनी प्रभूला स्वीकारलं, त्याबद्दल आभार!" हे अजून घडायचं आहे, एवढं सांगायचं घाईत राहून गेलं.

टाळ्या झाल्या. पास्टरांसकट सगळे बाहेर धावले आणि बाबांना मिठ्या मारू लागले. एका मावशीनं तर बाप्तिस्म्याची तारीखच विचारली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडीला किक मारली आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी आम्हाला सोडणंच बंद केलं. रविवारी आम्ही ऑटोनं जायला लागलो.

"देव बी इतके वर्ष त्यायच्या तोंडून बोलला नाही," आई म्हणाली, "तू कोण हो?"

 कुणावर श्रद्धा लादू नये म्हणून मी गावभर भांडते, आणि घरातल्या माणसाची श्रद्धा मीच परस्पर जाहीर केली होती. ढाब्यावर जाऊन मी माफी मागितली.

"मी काय मानतो ते मी सांगन," कढईतली नजर न काढता बाबा म्हणाले. "कधी, ते मलेच नाही माहीत."

मग मी सकाळी आईशेजारी बसू लागले. दोन मिनिटांत हात शिवशिवायचे, काहीतरी करावंसं वाटायचं. आईला विचारलं, इतकी वर्षं कशी बसलीस? म्हणाली, "एकटी कुठं बसून राहिली? तो राहते ना संग." थांबणं म्हणजे नुसता वेळ काढणं, हा माझा समज त्या सकाळी गेला.

पावसाळा गेला, धान कापून झालं. एका रविवारी बाबांनी गाडी बाहेर काढली. "चला."

प्रार्थना संपून बाहेर आलो, तर ते दाराच्या पायरीवर बसलेले. कुणी काही विचारलं नाही. परतताना बाबाच बोलले, "पुढच्या खेपेला लवकर निघू. आत दाराजवळची जागा लोक आधीच धरून राहिले."

मी तोंड उघडलं. आईचं कोपर बरगडीत बसलं.

"हो," ती त्यांना म्हणाली, "निघू."