तक्रार ऐकून घेणाऱ्या नलिनीताई

प्रा. डॉ. नलिनीताई वऱ्हाडपांडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. ताईंविषयी खरं लिहायचं, तर माझ्या सगळ्यात भीतीच्या दिवसांविषयी लिहावं लागणार होतं. शेवटी त्यांनाच विचारलं. "गोष्ट तुझी आहे. सांगायची की नाही, तूच ठरव," एवढंच त्या म्हणाल्या.

ताई जबलपूरच्या आमच्या विद्यापीठात संस्कृत शिकवतात. मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. त्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष आहेत, हे सूचनाफलकावर वाचलं होतं, तेवढीच माहिती. माझे मार्गदर्शक मला प्रयोगशाळेत एकटीला थांबवून घेत, अंगाला हात लावत, नको ते संदेश पाठवत. मी स्पष्ट नकार दिल्यावर त्यांनी माझ्या प्रगती-अहवालावर सही करणं थांबवलं.

ताईंच्या खोलीपर्यंत मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच मला व्हरांड्यात पाहिलं आणि आत बोलावलं. "दार लावू की उघडं राहू देऊ?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी हिंदीत बोलू लागले आणि अडखळले. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून त्या म्हणाल्या, "मराठीत सांग ना बाई. काहून घाबरून राहिली? मला कुठंच जायचं नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते, आणि माझ्याकडे जेमतेम बारा दिवस उरले होते. "लोक बोलतील, चौकशी लांबेल, हेही ऐकून ठेव. मी ढकलणार नाही," त्या म्हणाल्या. त्या बारा दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. दहाव्या दिवशी मी अर्ज दिला. चौकशी संपेपर्यंत मला दुसरे मार्गदर्शक मिळावेत, अशी शिफारस ताईंनी त्याच आठवड्यात केली.

पण साक्षीची नोटीस पाकीट बंद न करताच आमच्या विभागात पोहोचली आणि दुपारपर्यंत माझं नाव कॅन्टीनमध्ये फिरत होतं. संध्याकाळी ताई स्वतः ऑटोनं कांचघरला आमच्या घरी आल्या. कारखान्यातून निवृत्त झालेले माझे बाबा आधीच बिथरले होते. "मॅडम, तक्रार वापस घ्या. पोरीचं लग्न व्हायचं आहे जी," ते म्हणाले.

"भाऊ, वापस घ्यायची की नाही, ते ती सांगेल. पाकीट माझ्या सहीनं गेलं, ते मी पाहायला पाहिजे होतं. मी तुमची माफी मागायला आली."

एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईंनी आमच्या बैठकीत हात जोडलेले पाहून मलाच कसंतरी झालं. तक्रार मी मागे घेतली नाही. पुढची प्रत्येक नोटीस मात्र ताईंनी स्वतःच्या हातानं बंद केली.

एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर रागावले होते, तेही लिहायला हवं. समितीनं माझ्या मार्गदर्शकांना सगळी कागदपत्रं दिली, त्यांचे साक्षीदार ऐकले, मुदत मागितली तेव्हा मुदतही दिली. मी रडत विचारलं, "ताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" त्या म्हणाल्या, "त्यांचं पूर्ण ऐकलं नाही, तर अहवाल टिकणार नाही. अन् टिकला तरी मला तो न्याय वाटणार नाही." तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

याच काळात त्यांच्यावरही दबाव येत होता. ओळखीचे लोक राइट टाउनमधल्या त्यांच्या घरी जाऊन 'आपसात मिटवून टाका' असं सुचवत होते. त्यांचा रक्तदाब वाढला होता. हे मला खूप नंतर, त्यांच्या यजमानांकडून कळलं.

समितीनं माझी तक्रार खरी ठरवली. त्या गृहस्थांचं मार्गदर्शकपद काढून घेण्यात आलं आणि शिस्तभंगाची कारवाई झाली. त्यांनी अपील केलं, तेव्हा अहवालात एकही त्रुटी सापडली नाही. ताईंनी त्यांना इतकी संधी का दिली, ते मला त्या दिवशी समजलं. माझा प्रबंध दोन वर्षं उशिरा पूर्ण झाला. आज मी याच विद्यापीठात शिकवते. तरी अनोळखी नंबरवरून फोन आला की अजूनही छातीत धस्स होतं.

समितीवरची ताईंची मुदत आता संपते आहे. त्यांच्यानंतर काय, ही काळजी मला एकटीलाच नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "नव्या समितीसाठी तुझं नाव देऊ का? विचार करून सांग." मी वेळ मागून घेतला. भीती गेली आहे असं खोटं सांगणार नाही. पण एखादी मुलगी त्या व्हरांड्यातून परत जाऊ नये, एवढं मला नक्की कळतं. ताई, माझं नाव द्या.

आपल्याला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. गोळ्या वेळेवर घ्या, आणि आता थोडी काळजी आम्हाला करू द्या.