मागच्या स्पीकरमधली हाक

स्पीकर चैनीला न्हाई घेतले, हे आईला किती वेळा सांगू? वडील, आमचे आबा, गेले. आबांचा आवाज आता एकाच व्हिडिओत उरलाय, अन् तो मोबाईलवर नीट ऐकू येत न्हाई.

आज तिन्हीसांजेला सुरतच्या खोलीवर लॅपटॉपला स्पीकर जोडून व्हिडिओ लावला. मागच्या स्पीकरची वायर अजून माझ्या हातातच होती, जोडली नव्हती, तर पाठीमागच्या त्याच स्पीकरमधून आबा म्हणाले, "संत्या."

मी ओ दिली.

व्हिडिओत आबा फक्त बैलाशी बोलतात. माझं नाव त्यात न्हाईच.

गावाला, इंदुरीला, आईला फोन करून सगळं सांगितलं.

"एका हाकेला ओ देत न्हाईत रं, मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं. परत आली का हाक?"

"न्हाई."

ती म्हणाली, "ती वायर लावू नको. उद्या देवीला नारळ देते."

वायर अजून हातातच हाय. तुमी लावली असती का?

आईला नारळासाठी पाठवतोय पाचशे एक रुपये.