मामांची दुसरी फेरी

बेळगाव तालुक्यात बारावी पास झालेलं असं एकही पोरगं सापडायचं नाही, ज्याला माझ्या थोरल्या मामांनी भररस्त्यात अडवून ‘सीईटीला रँक किती आली रं?’ असं विचारलेलं नाही. अडवून म्हणजे अक्षरशः अडवून. मामा येळ्ळूरकडच्या एका मराठी हायस्कुलात पीटीचे सर होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. समोरून सायकलवर ओळखीचं पोरगं येताना दिसलं की शिट्टी वाजायचीच, आणि मग पोरगंच काय, मागची बससुद्धा थांबायची. नोकरीभर शिक्षकांच्या खोलीत त्यांना पावसापाण्याशिवाय कोणी काही विचारलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणूनच की काय, निवृत्तीनंतर त्यांनी कॉलेजच्या अॅडमिशनचा विषय हाती घेतला. सरकारी माहितीपुस्तिका त्यांनी कन्नडमधून वाचली, इंग्रजीतून वाचली आणि दोन्हींत फरक सापडला म्हणून बेळगावच्या कचेरीत जाऊन साहेबांशी भांडूनही आले.

तेव्हापासून घरातल्या कुठल्याही कार्यात त्यांना नेणं जोखमीचं होऊन बसलं. बेळगुंदीला एका बारशाला आम्ही गेलतो. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, तेवढ्यात मामा ओरडले, “थांब आक्का! आधी स्पेलिंग ठरवा. बापाच्या आधारकार्डावर आडनाव कसं हाय? जन्मदाखल्यावर एक आन् मार्कलिस्टावर एक झालं, तर अठरा वर्सांनी ही पोरगी दाखल्यांपायी सरकारी नाडकचेरीत हेलपाटे मारत बसंल!” पाळण्यातली पोरगी दचकून रडायला लागली. कंग्राळीच्या एका लग्नात तर ते नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाला जेवणाच्या पंगतीतून उठवून घेऊन गेले, कारण त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपत आलती. जिलेबी वाढणारे रिकाम्या पाटासमोर त्याला शोधत राहिले.

उन्हाळा संपता संपता मामांच्या ओसरीवर गर्दी व्हायची. आईबापांना ते आधी ओळीत उभे करायचे आणि मगच बसा म्हणायचे. “फीमाफी आन् फी-परतावा, फरक सांगा!” आईबाप एकमेकांकडं बघायचे. मग मामा फुलायचे. “माफी म्हंजे भरायचीच न्हाय. परतावा म्हंजे आधी आपण भरायची, मग सरकार सवडीनं परत देतंय. स्कॉलरशिप फेडावी लागत न्हाय, कर्ज फेडावं लागतंय. आन् बँकवाला म्हणाला, शिक्षण संपेस्तवर मोरॅटोरियम हाय, तर लई खूश हू नका. तवर हप्ता झोपतोय, व्याज न्हाय झोपत!” माणसं हसायची. पण घरी जाताना तेच वाक्य पुटपुटत जायची, हे मी पाहिलंय.

बेळगुंदीच्या परशरामची ज्योती ही या ओसरीवरची सगळ्यात अबोल मुलगी. शेतकऱ्याची लेक. लहानपणी त्यांची म्हैस विताना अडली आणि डोळ्यांदेखत गेली, डॉक्टर वेळेवर पोहोचला नाही. तेव्हापासून हिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. पसंतीक्रमात तिनं तेच पहिलं घातलं, त्याखाली शेतकी पदवी. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत शेतकीची जागा लागली, तीही धारवाडला, म्हणजे त्यातल्या त्यात घराजवळ. परशरामनं गावात पेढे वाटले. आता संगणकावर ‘पहिला पर्याय’, म्हणजे ‘मिळाली ती जागा मान्य’, निवडायचा, जागा पक्की करायची आणि मोकळं व्हायचं, असं भावकीनं ठरवून टाकलं. मामांना हे कळलं ते पर्याय निवडायच्या शेवटच्या दिवशी दुपारी. मला म्हणाले, “काढ स्कूटर.”

आम्ही सायबर कॅफेत पोहोचलो तेव्हा परशराम मालकाच्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत होता आणि मालकाचा हात माऊसवर होता. मामांनी दारातूनच अशी शिट्टी फुंकली की मालकानं माऊस सोडून दोन्ही हात वर केले.

“परशा, पहिला पर्याय दाबलास की पुढच्या फेरीचं दार बंद. दुसरा दाब. ही जागा ऱ्हाती, आन् यादीतली वरची मिळाली तर ती मिळती.”

“आन् वरची न्हाय मिळाली तर?”

“तर धारवाड हायच की.”

“सर, लोक म्हणत्यात, हातातलं पण जाईल.”

“वरची मिळाली तरच ही जाती, परशा. आन् वरची तिनंच मागितलीय न्हवं?” एवढं बोलून मामा ज्योतीकडं वळले. आवाज एकदम खाली आला. “मी सांगतोय म्हणून न्हाय. तुला काय पायजे?”

ज्योतीनं बापाकडं बघितलं. “आप्पा, मला गुरांचीच डॉक्टर व्हायचंय. लांब जावं लागलं तरी जाणार.”

परशराम मालकाकडं वळला. म्हणाला, “दोन नंबर दाबा.”

दुसऱ्या फेरीचा निकाल लागेपर्यंत भावकीनं मामांना धारेवर धरलं. मामा बाहेर छाती काढून फिरायचे आणि घरी येऊन मला हळूच विचारायचे, “नियम तसाच हाय न्हवं रं?” त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. निकाल आला. गुरांच्या डॉक्टरकीची जागा, गाव मात्र लांब, पार म्हैसूरकडचं हासन. मामा परशरामला घेऊन स्कॉलरशिपच्या आणि हॉस्टेलच्या कागदांमागं महिनाभर हिंडले, आणि ज्या साहेबांशी भांडले होते त्यांच्याचकडं जाऊन चहा पिऊन आले.

ज्योती आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा सुट्टीला आली तशी मामांच्या पाया पडायला आली. मामा तयारीतच होते. इंटर्नशिप, स्टायपेंड, पुढच्या शिक्षणाची परीक्षा, सगळं सांगायला त्यांनी घसा खाकरला. पण तीच सांगू लागली. कुठली स्कॉलरशिप बदलली, कुठला दाखला आता घरबसल्या निघतो, आणि बेळगुंदीच्या पोरी रोज फोन करून तिला काय काय विचारतात. मामा शिट्टी मुठीत धरून मान डोलावत ऐकत राहिले. ती निघाली तेव्हा फाटकापर्यंत गेले.

“बघितलास?” ते मला म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगलं सांगती.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. यंदा ओसरीवर पोरं कमी आली होती, बाकीची कुणाला विचारतात ते आता समजलं होतं. ज्योती वळणावरून दिसेनाशी झाली तरी मामा फाटकाला धरून उभेच होते. मी आत चला म्हटलं, तर म्हणाले, “तू हो पुढं. मी येतो थोड्या वेळानं.”